जालना, घर, शांत, एक

उन्हाळ्यात आमचं घर चार दिवस पिक्चरला दिलं.
भाडं सहा हजार; त्यावरून आधी एक भांडण झालं,
ते कॅमेऱ्यात नाही.

दिग्दर्शक म्हणजे औरंगपुऱ्यातला एक पोरगा,
गळ्यात टॉवेल, पायात दोन रंगांच्या स्लिपर.
म्हणाला, मावशी, घर फार नीट आहे तुमचं,
मोडणाऱ्या संसाराचं वाटत नाही.
आई हसली. ताटं पुसत राहिली.
मग त्यानं भंगारातून पाय तुटलेली खुर्ची आणली
आणि आमची चांगली खुर्ची गच्चीवर टाकली.

पिक्चरमधला बाप घर सोडून जातो,
जाताना कूलर नेतो.
नऊ वेळा नेला. नवव्यांदा दारात पाणी सांडलं,
तेच ठेवलं.
आमच्या नळाला अकरा दिवसांनी पाणी.
अण्णा उंबऱ्यात उभे राहून बघत होते,
वजनकाट्यावरून आलेले, शर्टावर लोखंडाची धूळ.
म्हणाले, काहून मागं बघतो ह्यो?
जाणारा माणूस मागं बघत नसतो.
दिग्दर्शकानं ते वहीत लिहून घेतलं.
मीही.

शेवटच्या दिवशी आवाजवाला इरफान म्हणाला,
एक मिनिट कुणी हलू नका,
मला नुसती खोली पाहिजे.
पंखा बंद. फ्रिज बंद.
शेजारच्या पिठाच्या गिरणीला हात जोडले.
आई झारा धरून तशीच,
अण्णा एका पायात बूट,
मी फडताळापाशी.
तिघं एका खोलीत, गप्प,
आणि कुणी कुणावर रुसलेलं नाही.

दिवाळीनंतर अण्णा भोकरदनला राहायला गेले.
कूलर नेला नाही.
मागं बघितलं का,
ते मला दिसलं नाही, मी शिकवणीला होते.

पिक्चर कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला.
सतरा माणसं, आम्ही धरून.
आई पंख्याखाली, अण्णा दाराशी,
मी मधल्या रांगेत, चपला काढून.
लोक गंभीर झाले तिथं मला हसू आलं:
पडद्यावरच्या रडणाऱ्या पोराच्या मागं आमचं कॅलेंडर,
गॅसच्या तारखा आईच्या अक्षरात.
शेवटी तो रिकाम्या खोलीत बसतो
आणि खाली आमचं ते मिनिट वाजतं.
कुणाला काहीच ऐकू आलं नसेल.
मला आलं. अण्णांनी एक बोट मोडलं.
आईनं आवंढा गिळला,
किंवा मी.

इरफाननं ती फाइल मला पेनड्राइव्हवर दिली.
वर लिहिलेलं: जालना, घर, शांत, एक.
दोन नाही का? मी विचारलं.
म्हणाला, गरजच नाही पडली,
पहिल्याच वेळी एकदम साफ आलं.