पालथा पाटा

नोंदवहीत मी लिहिते :
बेसाल्ट. लांबी एक्केचाळीस सेंटिमीटर. एक कोपरा उडालेला.
खोली सातवी, ईशान्य कोपरा. स्थिती : पालथा.
मग पेन्सिलीला टोक करते
आणि ठिपक्याठिपक्यांनी काढायला बसते
नऊ हजार वर्षांपूर्वीचा एक पाटा.

या टेकडीवर काळा दगड नाही.
सगळी चुनखडी, पांढरीफटक,
दुपारी बारानंतर बघवत नाही तिच्याकडे.
हा आला काराजादा डोंगरावरून,
तीन-चार दिवसांची वाट.
चाक अजून कुणाला सुचलं नव्हतं,
गाढव माणसाळलं नव्हतं,
म्हणजे कुणाच्या तरी पाठीवरून.
प्राध्यापक इल्हामी याला देवाणघेवाणीचं जाळं म्हणतात.
त्यांच्या नकाशावर त्यासाठी बाण आहे, लाल, सुबक.
बाणाला पाठ नसते.

बेस्ना परातीत हाडं धुते, दात घासायच्या ब्रशनं.
रोजंदारीवर आहे, पलीकडच्या नव्या वसाहतीतून येते.
काल पदराला हात पुसत माझ्यामागे उभी राहिली.
म्हणाली, ‘डावखुरी होती.’
मी मोजलं.
डावीकडची झीज चार मिलिमीटरनं जास्त.
‘आणि हा काठ दुसरीचा. सुनेचा असेल.
रागारागानं वाटायची. पुढे ढकलते नुसती, मागे ओढतच नाही.’
हे मला मोजता आलं नाही.

मग ती धुळीतच गुडघे टेकून बसली,
पायाची बोटं मागे दुमडून, सगळा भार अंगठ्यावर.
याच खोलीच्या जमिनीखाली गेल्या वर्षी
एक बाई निघाली होती, कुशीवर, मुटकुळं करून.
तिच्या अंगठ्याचा सांधा चपटा, वाकलेला.
अहवालात त्यावर अडीच पानं आहेत.
बेस्नानं अर्ध्या मिनिटात बसून दाखवलं.

तिचा हात दगडावरून गेला आणि मध्येच थांबला.
‘टाकी लावलीय,’ ती म्हणाली, ‘ताजी.’
मी भिंग आणलं.
खरंच, टाचे सगळे धारदार, खरखरीत,
त्यांवरून एकही दाणा फिरलेला नाही.
उद्याच्या दळणासाठी तयार केलेला पाटा.
आणि पालथा.

प्राध्यापक आले. घर सोडतानाचा विधी असावा, म्हणाले,
इतरत्रही आढळतो.
‘विधी कसला?’ बेस्ना म्हणाली.
‘धूळ बसू नये म्हणून.
परत यायचं नसतं, तर सोबत नेला असता,
नाहीतर फोडला असता.’
मग, हाडाचा एक तुकडा उगाच पुन्हा घासत,
‘धरणाचं पाणी चढलं तेव्हा मीपण असाच घातला होता अंगणात.
ट्रकवर जागा नव्हती.
सरपंच म्हणाला, दोन महिन्यांची तर गोष्ट.’

‘कोणत्या साली?’ प्राध्यापकांनी विचारलं. सवयीनं.
विचारल्यावर त्यांनाच कसंतरी झालं, चष्मा काढून पुसायला लागले.
‘साल नाही माहीत. मोठा रांगत होता.’

चित्र काढण्याचा नियम असा की
वापरलेली बाजू वर, उजेड डावीकडून.
नियमाप्रमाणे एक काढलं.
त्याखाली दुसरं, सापडला तसं :
नुसती ओबडधोबड काळी पाठ.
त्यात काहीच दिसत नाही, तरी त्यालाच वेळ लागला.

शेऱ्याच्या रकान्यात जागा दीड ओळीची.
लिहिलं : टाकी ताजी. परत येणार होते.
प्राध्यापकांनी वाचलं,
आणि ‘परत’च्या आधी बारीक अक्षरात घातलं, ‘बहुधा’.
ते त्यांचं कामच आहे.

बेस्नाच्या परातीतलं पाणी गढूळ झालं होतं.
ते तिनं कडेला ओतलं,
आणि बादली घेऊन
टाकीकडे चालू लागली.