आवाज येता, चित्र नाय

फोनवर तक्रार एवढीच होती.
पत्ता: तारामुंबरी, पुलाच्या अलीकडे,
भिवा कोयंडे तांडेल, दारात जाळ्यांचा ढीग, कुणालाही विचारा.

डेस्कटॉप चादरीखाली,
मासेमारी बंद असताना बोटीचं इंजिन झाकून ठेवतात तसा.
भिवाकाकांचा डावा गुडघा गेला आणि डॉक्टरने समुद्र तोडला,
तेव्हा मुलाने हा गेम घालून दिला:
मालवाहू जहाज, वीस बंदरं,
वारा हवा तेवढा कमी-जास्त करता येतो.
"वारो!" असं म्हणून काका
माझ्याकडे बघून नुसते हसले.

मी गेम चालू केला.
कंपनीचं चिन्ह आलं, गोल फिरलं
आणि काळं.
रात्री निदान पलीकडच्या बोटीची बत्ती तरी दिसते,
इथं तेही नाही.
स्पीकरमधून मात्र लाटा, भोंगा,
इंग्रजीत काहीतरी सांगणारा पायलट.
जहाज चाललं होतं. कुठे, ते विचारू नका.

मग माझं नेहमीचं.
झाकण उघडलं. पंख्यात कोंबडीचं पीस.
रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट खार,
खोडरबराने घासून काढला.
(वर्षाला दोन डझन खोडरबर लागतात मला.
स्टँडसमोरचा स्टेशनरीवाला विचारतो, पोरं किती तुम्हाला?)
बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला,
दिवा किंचित खाली बसला,
वाटलं, सापडलं!
सप्लाय मोजला. ठीक होता.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडवला, पुन्हा उतरवला,
रेंज एक काडी, तेवढ्यात दोनदा चहा झाला.
फाइलीत शिरून चित्राची मापं कमी केली.
काळं.

"रवांदे गो. बाजूक हो जरा."
काकांनी खुर्ची ओढली, मान तिरकी केली.
"बोयाची घंटा आयकलंस? डावीकडसून येता.
म्हणजे खडक उजवीकडे."
आणि त्या काळ्या काचेसमोर बसून
दोन बोटांनी त्यांनी जहाज वळवलं,
वेग उतरवला, थांबले, परत थोडा उतरवला.
आत कुठेतरी दोर पडल्याचा आवाज.
मग टाळ्या.

पंधरा दिवस असेच खेळत होते.
फोन शेजारच्या ओमकाराने केला होता.
त्याला बघायचं होतं.

मी टेबलाखाली शिरले.
दुसरी एक केबल, भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत.
माग काढत गेले.
टोकाला कन्व्हर्टर लोंबतोय, त्यावर कोळिष्टक,
भिंतीत चार स्क्रू,
आणि रंग न उडालेला एक चौकोन.
"टीव्ही उदेशान नेल्यान, पनवेलाक. थंय खोली घेतल्यान."

कॉम्प्युटरला हे कुणी कळवलं नव्हतं.
तो सगळं चित्र त्या चौकोनाकडे पाठवत होता,
समुद्र, बंदर, क्रेन, सगळं,
रोज, न चुकता.

केबल उपटली.
पडदा भसकन निळा झाला.
ओमकार ओरडला. काका चष्मा पुसून पुढे वाकले,
बराच वेळ.
"पाण्याक रंग जास्त झालो," म्हणाले,
"आणि माका वाटलेला, बोट मोठी आसतली."

दीडशे रुपये. पावतीवर 'दोष' या रकान्यात मी 'केबल' लिहिलं.
काकांनी ती केबल कोपरापासून अंगठ्यापर्यंत वेढे घेत
दोरासारखी गुंडाळली, खिडकीत ठेवली.
"परत लावूक येतली मां? तो इलो तर?"
येईल, म्हटलं. खटकन बसते.

स्कूटर चालू करेपर्यंत आतून ओमकारचा आवाज,
"काका, डावीकडे! डावीकडे! दिसत नाय काय?"
मग जेट्टीवर काहीतरी भलंमोठं आदळलं,
आणि कोंबड्या
जाळ्यांवरून उडाल्या.