दाताखाली

गुजरीतल्या गटारात आई पहाटे उतरायची,
सोनारांची दुकानं उघडायच्या आत.
घमेल्यात गाळ, गाळावर पाणी,
आणि मनगटाचा तो हेलकावा
जो मला अजून नीट जमत नाही.
हलकं जाऊ दे, म्हणायची,
जड असतंय ते खाली बसून ऱ्हातंय.

आता वडणग्याच्या मळीत
दस्तगीर आणि मी नळी ठोकतो जमिनीत.
उसाचा मालक हिंदुराव बांधावरून विचारतो,
"पाणी लागंल का मॅडम?"
पाणी नकोय, म्हणते.
तो दस्तगीरकडे बघतो.

नळी उभी चिरली की
वर एकवीस सालचा पूर, बोटभर,
त्यात गुटख्याच्या पुडीचा निळा कोपरा.
खाली एकोणीसचा, दोन बोटं.
मग काळी माती, मग चुनखडीचे खडे
ज्वारीच्या दाण्याएवढे,
म्हणजे पावसानं पाठ फिरवलेली शतकं.
किती, ते अजून सांगता येत नाही.
आणि साडेसहा मीटरवर एकदम रेव,
गोल, तांबूस, जांभ्याची.
असली रेव संथ नदी आणत नाही.
कधीतरी ही इथून
पदर खोचून धावली आहे.

प्रयोगशाळेत चाळण्यांची उतरंड.
लोहचुंबक फिरवला की काळे कण उठतात मुंग्यांसारखे,
दळलेला सह्याद्री.
कुठला दाणा कासारीचा, कुठला तुळशीचा,
कुंभी, भोगावती, हिशोब लागतो साधारण.
पाचवी सरस्वती. ती गुप्त.
तिच्या नावाचा रकाना मी तक्त्यात ठेवलाय.
सरांनी दोनदा खोडला.

आई आली एकदा डबा घेऊन.
"सोनं किती पडतं ह्यात?"
"काहीच नाही."
"मग?"
मी काही बोलायच्या आत
तिनं चिमूटभर उचलून दाताखाली धरली,
डोळे मिटून, पुस्तकात सांगितलंय अगदी तशी:
कचकचला तर पोयटा,
लोण्यागत लागली तर चिकणमाती.
पुस्तक तिनं पाहिलेलं नाही.

"सावकाश बसलंय हे," म्हणाली,
"पाणी थांबलं हुतं हितं. लई दिस."

नमुना चौदा, खोली चार मीटर दहा.
एवढं लिहायला जागा फक्त
सरस्वतीच्या रकान्यात होती.

आईनं चूळ भरली,
ओंजळीत थुंकली,
आणि सवयीनं उजेडाकडं धरून पाहिलं
काही चमकतंय का.