सौजन्य

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप म्हणतात, पण
सर्टिफिकेट नसतंच ते. नुसता एक नंबर असतो,
अक्षरं आणि आकडे, ईमेलच्या पोटात.
अण्णांना फ्रेम करायचं होतं.
मी म्हटलं, नंबराला काय फ्रेम करता.

स्पॉन्सर म्हणजे प्रायोजक, असं आईला सांगितलं
तर ती म्हणाली, म्हणजे मंडळाच्या कमानीवर असतात तसे?
सौजन्य : अमुक ज्वेलर्स, तमुक दूध डेअरी?
तसेच गं, म्हटलं. माझ्या कमानीवर
रोझमाउंट केअर होम, बर्नली.

चार मागांपैकी दोन काढले अण्णांनी.
चालता माग घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं,
भंगारवाल्यानं किलोवर नेले.
फरशीत बोल्टांची भोकं राहिली, भोकांत तेल.
कोल्हापूरच्या एजंटानं नोटा मशीनवर मोजल्या,
मशीन मागासारखंच वाजलं, पण थोडा वेळ.

इथं पोचले तर सगळं गाव गिरण्यांचं.
म्हणजे गिरण्यांच्या इमारतींचं.
एकीत कार्पेटचं दुकान, एकीत फ्लॅट,
एकीच्या धुराड्यातून झुडूप उगवलेलं.
इचलकरंजीहून निघून मी थेट
मागाच्या आजोळी आले होते,
आणि आजोळी कुणी उरलं नव्हतं.

माझं नाव ज्ञानदा. ज्ञ इथल्या जिभेवर चढेना.
मॅनेजर डेबीनं दोनदा प्रयत्न केला, मग डॅनी.

खोली सोळा, मिसेस एंटविसल.
बोलत नाहीत, असं फाइलीत लिहिलेलं.
तिसऱ्या दिवशी जेवणघराच्या त्या टोकाला
त्यांचे ओठ हलले, मोठेमोठे, बिनआवाजाचे,
आणि मला कळलं : मीठ.
मी मीठ नेऊन दिलं. डेबी बघत राहिली.
आमच्या शेडमध्ये आई असंच बोलायची
चार मागांच्या खडखडाटावरून :
कांडी संपली. पाणी आलं. पोरीला घे.
मिसेस एंटविसल पंधराव्या वर्षी मागावर लागलेल्या.
कान तिथंच ठेवून आल्या, ओठ तेवढे घरी आणले.

नोव्हेंबरात पत्र. रोझमाउंटचं लायसन्स रद्द.
मालकानं नसलेल्या नोकऱ्यांवर माणसं आणली होती.
माझी नोकरी होती, खरीखुरी,
रात्रपाळीची, पाठ मोडणारी. तरी पत्र सगळ्यांना सारखंच.
साठ दिवस. तेवढ्यात नवा प्रायोजक,
नाहीतर परत.

फोन लावते. अनुभव सांगते, ते खूश होतात.
मग विचारतात, स्पॉन्सरशिप लागेल का?
हो म्हटलं की पलीकडचा आवाज मऊ होतो.
इथं नकार फार मऊ देतात,
कुशीवर वळवताना आपण म्हाताऱ्या माणसाला धरतो तसा.
अण्णांना सांगितलंय, थंडी खूप आहे.
तेही खरंच आहे.

आज एकेचाळिसावा. ड्युटी नाही, म्हणून
पाहुण्यांच्या रजिस्टरात सही केली.
कुणाला भेटायचंय : खोली सोळा.
नातं :
पेन थांबलं. मग लिहिलं, विणकर.
डेबीनं वाचलं आणि दार उघडलं.

मिसेस एंटविसलनी उशीमागून बिस्किटांचा डबा काढला.
तीनशे चाळीस पाउंड, चिल्लर वेगळ्या मोज्यात.
दाराकडे एकदा बघून ओठांनी विचारलं :
किती लागतात, प्रायोजक व्हायला?
मी ओठांनीच म्हटलं, खूप.
इंग्रजीत म्हटलं की मराठीत, आठवत नाही.

त्यांनी झाकण लावलं. दोनदा दाबून बघितलं.
मग माझ्या छातीकडे बोट केलं,
जिथं परवापर्यंत डॅनीची पाटी होती :
काय गं, खरं नाव काय?
सांगितलं, तोंड नीट उघडून, सावकाश.
त्यांच्या ओठांवर ते जसंच्या तसं उमटलं.
आवाजच नव्हता,
चुकायला काही जागाच नव्हती.

मग चहाकडे बोट :
गार होतोय.