मानस बदलताना

आमच्या जुव्यात मानस म्हणजे मन नव्हे.
नदी आणि खाजण यांच्यामधलं लाकडी दार,
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
हे मी गाइडना सांगितलं. ते म्हणाले, छान आहे,
पण प्रबंधात नको.

म्हणून इथे.

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
पाच यंत्रं आहेत माझी. बेटांची नावं दिलीत:
जुवें, चोडण, दिवाडी, कुंभारजुवें, वांशी.
पाचांकडे एकच वही.
वहीत खोटी जेटी, खोटे ट्रॉलर, बांगड्यांच्या खोट्या पाट्या;
बेरीज तेवढी खरी.
एक ओळ लिहायची तर तिघांनी हो म्हणायचं.
निरोप फेरीबोटीसारखे:
उशिरा येतात, कधी येतच नाहीत,
तरी वही जुळते. इथवर सोपं.

आता दिवाडी म्हातारी झाली. तिचा पंखा धापा टाकतो.
तिला काढायची
आणि लिलाव क्षणभरही थांबवायचा नाही.
बंद करून बदलणं कुणालाही जमतं.

पहिल्या खेपेला मी दोन नवी यंत्रं एकदम जोडली,
अजून बारसंही न झालेली.
पाचांची यादी सातांची झाली,
पण सगळ्यांना एकाच वेळी नाही कळलं.
जुनी यादी धरून तिघांनी एक पुढारी निवडला,
नवी वाचलेल्या चौघांनी दुसरा.
पहाटे सव्वातीनला एकच पाटी दोनदा विकली गेली,
एकदा कायतानला, एकदा सगुण पागीला.
दोघांच्या हातात पावती.
मी चूक शोधत बसले. चूक कुणाचीच नव्हती.
तीन हे पाचांतलं बहुमत, चार हे सातांतलं,
आणि दोन्हींत ओळखीचं एकही माणूस नाही.

रविवारी घरी गेले तर बाबा गुडघाभर चिखलात.
मानशीचं दार कुजलं होतं, मट्टीचं नवं आलं होतं.
भरतीला दोन तास.
मी म्हटलं, आधी जुनं काढाल ना?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की माझी सगळी शिष्यवृत्ती पाण्यात.
"राव म्हळें म्हूण उदक रावना, बाय."

नवं दार पुढच्या खाचेत उतरलं,
जुनं मागच्या खाचेत तसंच.
मध्ये हातभर पाणी,
ना नदीचं ना शेताचं.
तेवढा वेळ आत यायचं तर दोन्ही दारांना विचारून.
मग, नवं फुगून घट्ट बसल्यावर,
जुनं वर आलं. त्याला शिंपले चिकटले होते.

सोमवारी मी हातभर पाणी लिहिलं:
बदल चालू असेतो प्रत्येक ओळीला
जुन्यांचं बहुमत हवं आणि नव्यांचंही.
वेग मंदावला. पाटी एकदाच विकली गेली.
गाइडनी विचारलं, किती मिलिसेकंद?
आलेख काढून दिला.

राहिली दिवाडी.
काढलेल्याला कळत नाही आपल्याला काढलंय.
पुढाऱ्याचे ठोके तिच्याकडे येईनासे होतात,
तिला वाटतं पुढारी गेला,
ती हाक मारते: मला निवडा, मी सांभाळते.
दर काही क्षणांनी. प्रत्येक हाकेला
चालती वही अडखळते.
मी बाकीच्यांना एक नियम शिकवला:
पुढाऱ्याचा आवाज येतोय तोवर
तिच्याकडे लक्ष देऊ नका.
अकरा ओळी. चाचणी पहिल्याच फटक्यात पास.

भौसानं यंदा मानस तेलिसकडे सोपवली.
बाबांना सांगितलंय, दोनदा सांगितलंय.
तरी रात्री भरतीच्या वेळेला ते उठतात,
टॉर्च न घेता बांधावरून जातात.
तेलिस तिथे असतोच. दार मिटलेलं असतं.
तो विचारतो, "पळय रे, बरें बसलां मरे?"
बाबा हात लावून बघतात. मग घरी येऊन झोपतात.

तेलिसला किती मिलिसेकंद लागतात, मोजलेलं नाही.

दिवाडीची वायर मी अजून काढली नाही.
कोपऱ्यात तिचा दिवा लुकलुकतो.
अकरा ओळींच्या शेजारी मी बारावी लिहून पाहतेय:
उत्तर द्या,
मत देऊ नका.