ओला खडू

जुन्या गावात आता कुणी राहत नाही.
भूकंपाच्या साली गाव तीन किलोमीटर वर सरकलं,
आधी पत्र्याच्या शेडांत, मग सिमेंटच्या रांगांत.
आड तेवढा जागीच राहिला.
सरकारदरबारी त्याला एक नंबर मिळाला
आणि नंबरापुरती मी.

जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर,
चारदा येते औशाहून,
स्कूटी बाभळीखाली लावते,
काठावरल्या लाल बाणाशी पाय रोवते.
आजीला या काठाला हात लावू देत नसत,
वरून कुणी ओतेल तेव्हा घागर भरायची.
हे वहीत लिहायचं नसतं.
वहीत रकाना आहे : निरीक्षकाचे नाव व सही.
निरीक्षिकेला रकाना नाही, मग तिथंच लिहिते,
बेबीनंदा हत्तीअंबीरे, भूवैज्ञानिक.
आडनाव रेघेबाहेर जातं. जाऊ दे.

कादरी मॅडमनी शिकवलं, रिटायर व्हायच्या आधी :
टेपच्या शेवटच्या दीड मीटरला खडू फासायचा,
शाळेतला, साधा, निळा असला तर उत्तम,
आणि सोडायचा खाली, घाई न करता,
तापानं फणफणलेल्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवतात तसा.
वर ओढल्यावर खडू जिथवर गडद
तिथवर पाणी. बाकी सगळी वजाबाकी.
"खडा टाकून आदमास करू नको," म्हणायच्या,
"आड खोल गेला की आवाज मोठा होतो, बेटा,
पाणी नाही."

मागच्या वर्षी आडात यंत्र बसलं.
काळ्या केबलला लटकलेलं, अंगठ्याएवढं,
दर सहा तासांनी आकडा पाठवतं
पुण्याला, की कुठं.
ऑफिसात म्हणाले, आता कशाला ऊन खाता मॅडम.
मी आले.

मे. त्रेचाळीस अंश.
बाराव्या मीटरवर टेप धरला, ब्याण्णव सेंटिमीटर ओला.
म्हणजे अकरा मीटर आठ.
यंत्र म्हणतंय दहा सत्त्याण्णव.
अर्धी वीत फरक.
पुन्हा खडू, पुन्हा सोडला, पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा कपारीतले पारवे उडाले, चिडून.
मग झाकण उघडलं :
केबल धरणारी प्लास्टिकची क्लिप उन्हानं तडकलेली,
यंत्र अर्धी वीत खाली घसरलेलं.
आपण बुडालो,
याला ते पाणी चढलं म्हणत होतं
सहा आठवडे, दिवसातून चारदा,
अगदी प्रामाणिकपणे.

माझं खरं निघालं.
याचा आनंद ठेवू कुठं?
त्याच आकड्यावर गावानं एप्रिलात हिशेब मांडलाय
समाजमंदिराच्या भिंतीवर :
प्यायला इतकं, जनावरांना इतकं,
उरलं ते कडवळाला.
उरलं नव्हतं.

मॅडमच्या जुन्या वह्यांत मे म्हणजे आठ, साडेआठ.
तेव्हाचा पाऊस महिना महिना मुरायचा.
आता दोन रात्रींत कोसळतो, तेरणेला जाऊन मिळतो,
खडकाला दार उघडायलासुद्धा सवड देत नाही.
हे मी कार्यशाळेत आलेख दाखवून सांगते
तेव्हा सगळे मान हलवतात आणि चहाची वेळ होते.

सोजरबाई शेळ्या घेऊन आली, काठीवर हनुवटी टेकून उभी.
"वाढलं का गं पाणी?"
"नाही."
"मग हसायलीस कामून?"
मला कळलंच नव्हतं मी हसतेय.

क्लिपच्या जागी तारेचा पीळ घातला,
सहा आठवडे वहीत दुरुस्तीला लिहून घेतले,
निळी बोटं ओढणीला पुसली.
सांजच्याला भिंतीवरचे आकडे पुसून नवे लिहायचेत.
कुणीतरी म्हणेलच, यंत्रापेक्षा बाई शहाणी का?
पिशवीत हात घालून बघितलं,
खडू अर्धा उरलाय.
पुरेल.