डेमो

वॉकरमधल्या आमिषाच्या दुकानात
आर्लीननं दोन यंत्रं पुढ्यात ठेवली.
एकाच्या पडद्यावर माशांची झुंबड,
खाली पाणी कुठलं, झिजलेला गालिचा.
“डेमो आहे. खोटे मासे सगळ्यांना आवडतात.”

दुसऱ्यावर नुसत्या वाकड्या रेघा.
पण जेवणाच्या डब्याएवढं, उचलायला सोपं,
आणि बॅटरी उणे विसातही संध्याकाळपर्यंत तग धरणारी.
तेच घेतलं.

शनिवारी लीच लेकच्या बर्फाला भोक पाडून बसलो.
अठरा फुटांवर एक रेघ उठली,
गळापाशी आली,
थांबली,
परत तळाशी.

इतके हिवाळे वाटायचं, खाली कोणी नाहीच.
आहेत की.
येतात, मुलगी बघायला आल्यासारखे नीट बघतात,
आणि कळवतो म्हणून जातात.